पुढच्या चाकातली टकटक

आमच्या घरात भांडणं होत नसत, पण भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये हे कुणाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधीच आईचा आवाज सुरू होई. "अहो, पाणी तापलंय!" "अहो, डबा राहिला!" "अहो, शर्टाचं बटण वरखाली लावलंय!" हे सगळं अशा वरच्या पट्टीत, की पलीकडच्या क्वार्टरमधल्या नायरमावशी कुंपणाशी यायच्या आणि हळूच विचारायच्या, "भाभीजी, घर में सब ठीक है ना?" आई पदराला हात पुसत म्हणायची, "हाँ हाँ, हमारे में ऐसाच बोलते हैं." झालं. आमच्या अख्ख्या लाइनीत मराठी माणसं म्हणजे उठल्यापासून कावकाव करणारी, असं ठरून गेलं. बंगाली, मल्याळी, बिहारी, सगळ्यांचं यावर एकमत. आणि माझी आई, जिचा आवाज अमरावतीला माहेरी कधी स्वयंपाकघराच्या बाहेर गेला नव्हता, ती हा शिक्का मुकाट सोसत होती. भांडकुदळ म्हटलं तरी चालेल, पण खरं कारण कळता कामा नये.

खरं कारण असं, की बाबांना ऐकू येईनासं झालं होतं. "बहिरा" हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नसे. "जरा कमी येतं," एवढंही नाही. आई म्हणायची, "त्यांचं लक्ष नसतं." कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपली, तरी लक्ष नव्हतं. दारावर पोस्टमन थाप मारून मारून निघून गेला, तरी लक्ष नव्हतं. भोंगा ऐकू येत नाही म्हणून बाबा ओट्यावर सायकल धरून उभे राहायचे आणि रस्त्यावरून सायकली जायला लागल्या की त्यांच्यात मिसळायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय वक्तशीर माणूस आहे!

आता यात लाजण्यासारखं काय, असं माझ्या नाती विचारतात. माझ्या स्वतःच्या कानात आता यंत्र आहे आणि मी ते भर लग्नात काढून बॅटरी बदलते. पण बाबांची गोष्ट वेगळी होती. बाबा कारखान्याच्या गाड्यांच्या विभागात होते आणि त्यांची सगळी कीर्ती त्यांच्या कानांवर उभी होती. ट्रक असो, जीप असो, क्रेन असो, एकही नट न खोलता नुसतं ऐकून ते सांगायचे की कुठला बेअरिंग गेलाय. मोठे इंजिनिअर आपली खासगी गाडी घेऊन रविवारी आमच्या दारात यायचे. "देशपांडेजी, ज़रा सुन लीजिए." बघा, नव्हे, ऐका! बाबा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. सगळी गल्ली गप्प व्हायची. मी लहानपणी हे पाहून फुगून जात असे. आणि त्याच माणसाला आता माझी हाक ऐकू जात नव्हती.

मग आम्ही एक युक्ती काढली. म्हणजे आईनं काढली आणि मी अमलात आणली. बाबांना मराठी ओठांवरून कळायची. जन्मभराची भाषा, आणि त्यातून आमचीच तोंडं, त्यामुळे आवाज नाही आला तरी ते ओठ वाचायचे. हिंदी मात्र जमत नसे. भोपाळी माणूस तोंडात पान ठेवून "कां जा रिये हो" म्हणाला, की बाबा नुसते हसायचे. तेव्हा कुणी आलं की मी बाबांसमोर जाऊन उभी राहायची. तो माणूस हिंदीत काही बोलला की मी आपली घरगुती गोष्ट करावी तशी मराठीत ते पुन्हा म्हणायची. "बाबा, हे विचारतायत गाडी गरम का होते." बाबा मग त्या माणसाकडे वळून हिंदीत उत्तर द्यायचे. लोकांना वाटायचं, मुलगी लाडकी आहे, मध्येमध्ये बोलते. मराठी इथे कुणाला कळते, या भरवशावर आमचा सगळा संसार चालला होता. म्हणून तर आईनं मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला जाणंही सोडलं होतं.

बाबांची निवृत्ती जवळ आली तसा आईला घास गोड लागेना. निवृत्ती म्हणजे क्वार्टर सोडायचं. बाग सेवनियाला एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर तेव्हा एरंडाची झुडपं होती आणि शेजाऱ्यांच्या म्हशी. त्यावर घर उभं राहायचं तर बाबांना पुढंही काम हवं होतं. आणि काम चालून आलं. गोविंदपुऱ्यात चौकसेजी म्हणून एकांचं मोठं गॅरेज होतं, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांना गाड्या तपासून दोष सांगणारा जाणता माणूस हवा होता. त्यांनी बाबांचं नाव ऐकलं होतं. निरोप आला, की रविवारी एक पिकअप घेऊन येतो, एकदा बघून सांगा, मग पुढचं बोलू. परीक्षा आहे, असं कुणी म्हणालं नाही. पण ती परीक्षाच होती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

त्या रविवारी आईनं पोहे केले, आणि सोबत हरभऱ्याची झणझणीत तर्री. मी म्हटलं, "अगं, इथल्या लोकांना शेव नि बडीशेप घातलेले गोड पोहे लागतात, हे तिखटजाळ कोण खाणार?" ती म्हणाली, "मला जे येतं ते मी करणार. आज मला नवीन काही सुचायचं नाही." तिनं बाबांचा इस्त्रीचा शर्ट काढला, मला म्हणाली, "शुभे, त्यांच्या समोरून हलू नकोस." बाबा हे बघत होते. त्यांना कळलं असणारच. ते स्क्रूड्रायव्हर फडक्यानं पुसत बसले.

पिकअप आली ती लष्कराच्या लिलावातली, जुनी, हिरवा रंग जागोजाग उडालेली. कुणा शेतकऱ्याची होती. काळ्या मातीत नेहमीची गाडी रुतते म्हणून त्यानं चारही चाकं ओढणारी घेतली होती, आणि आता नेमकं चारही चाकांचा गिअर टाकला की ती वळताना हिसके देत होती. चौकसेजींबरोबर त्यांचा म्हातारा फिटर मुन्ने खाँ होता. त्यानं उतरताच कैफियत सुरू केली, "ट्रांसफर खोल के देख लिया, बेरिंग नए डाल दिए, फिर भी झटके मार रई है." मी लगेच बाबांसमोर. "बाबा, गिअर वाटणारी पेटी, ती ट्रान्सफर, उघडून झालीय म्हणतायत." पण नेमक्या त्याच क्षणी बाबांनी गाडीखाली वाकून पाहायला सुरुवात केली. माझं बोलणं त्यांच्या पाठीला ऐकू गेलं म्हणायचं.

सुरुवात मात्र त्यांनी झोकात केली. आईकडून सुतळी मागून चारही टायरांचा घेर मोजला, कारण पुढचे-मागचे टायर लहानमोठे असले तरी असे हिसके बसतात. घेर सारखा होता. मग पुढची चाकं जॅकवर उचलून खालचा दांडा हातानं फिरवला. दोन्ही चाकं फिरली, म्हणजे ताकद पुढपर्यंत पोचत होती. मग चौकसेजींना त्यांच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत समजावलं, "सूखे डांबर पे चारों चाक लगाके मोड़ोगे तो गाडी अडेगीच. वो दोष नहीं. नरम जमीन पे देखना पड़ता." चौकसेजींनी मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. ज्ञान तर कुठे गेलं नव्हतं ना!

नरम जमीन म्हणजे क्वार्टरमागचं मैदान. तिथं टाकीचं पाणी वाहून कायम चिखल असायचा. बाबा चालवायला बसले, शेजारी चौकसेजी. पिकअपनं चिखलातून एक सरळ फेरी मारली, मग वळली, आणि मी कडेला उभी होते तिथपर्यंत मला आवाज आला. टक्. टक्. टक्. पुढच्या चाकातून, अगदी साफ, कुणी लाकडावर खिळा ठोकावा तसा. गाडी सरळ झाली, आवाज थांबला. मला वाटलं, चला, सुटलो, एवढं तर कुणालाही कळेल. बाबा गाडी थांबवून उतरले, गिअरच्या दांड्यावर ठेवलेला आपला तळवा दाखवत म्हणाले, "ट्रांसफर का बेरिंग है. हाथ को लगता."

मुन्ने खाँनं चौकसेजींकडं पाहिलं, चौकसेजींनी चिखलाकडं. बेअरिंग नवे आहेत हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं. टकटक त्या दोघांनीही ऐकली असणार. गाड्यांचा धंदा करणारी माणसं ती! आणि माझे बाबा, ज्यांच्यासाठी सगळी गल्ली गप्प व्हायची, ते तळवा पुढं करून उभे. मला भयंकर लाज वाटली. बाबांची लाज वाटली, माझी वाटली, घरात तर्री ढवळत बसलेल्या आईची वाटली. धरणीनं पोटात घ्यावं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मी पुढं झाले. बाबांच्या अगदी तोंडासमोर उभी राहून मराठीत म्हणाले, "बाबा, ट्रान्सफर उघडून झालीय, बेअरिंग नवे आहेत. डाव्या पुढच्या चाकातून टकटक येतेय. वळलं की येते, सरळ केलं की थांबते. तुम्हाला ऐकू येत नाहीये." शेवटचं वाक्य आमच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "मधोमध उभी राहा. वाजलं की हातावर हात मार."

आणि मग मी, कॉलेजात जाणारी घोडी, दोन वेण्या सोडून एक वेणी घालायला लागलेली, चिखलाच्या मैदानात मधोमध उभी राहिले आणि माझ्याभोवती ती पिकअप डाव्या अंगानं गोल गोल फिरायला लागली. टक् झालं की मी टाळी वाजवायची. कुंपणाशी टवाळ पोरं जमली. कुणीतरी ओरडलं, "अरे, भजन हो रिया है!" मी टाळ्या वाजवत होते. बाबा खिडकीतून, चौकसेजींच्या डोक्यापलीकडून, फक्त माझे हात बघत होते. गाडी हळू केली, टाळ्या हळू झाल्या. वेग वाढवला, वाढल्या. चाक सरळ केलं, थांबल्या. पुढच्या चाकांचा गिअर काढून पुन्हा वळवली, टाळ्या जवळजवळ बंद. उजवीकडे वळवली, तुरळक. बाबांनी गाडी थांबवली. त्यांचा चेहरा परत आला होता. "क्रॉस गया है," ते खणखणीत म्हणाले, "आगे का, बायाँ. चाक मुडता है वो जोड के अंदर का." ट्रान्सफरच्या दांड्याला जे हाताला जाणवलं ते तिथूनच मागं येत होतं, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

मुन्ने खाँनं चाक उतरवलं, आतला दांडा ओढून काढला आणि सांध्यातला तो फुलीसारखा क्रॉस हातात घेतला. एका टोकाच्या वाटीतल्या, बेअरिंगच्या बारीक सुया कोरड्या पडून त्यांचा तांबडा भुगा झाला होता. "वाह उस्ताद!" तो म्हणाला. गोविंदपुऱ्यातून नवा क्रॉस आणून बसवेपर्यंत दुपार झाली. बाबा हसत होते, घाम पुसत होते, नायरमावशींचे मिस्टर कुंपणावरून "क्या बात है देशपांडेजी" म्हणून गेले. मी टाळ्यांनी लाल झालेले हात मागे लपवून उभी होते. सगळं निभावलं होतं. आम्हाला तसं वाटत होतं.

चौकसेजी ओट्यावर पोहे खायला बसले. मी शेव पुढं केली तर त्यांनी ती बाजूला ठेवली, न विचारता तर्रीची वाटी उचलून पोह्यांवर ओतली, वर कांदा घेतला, लिंबू पिळलं. सवयीचा हात होता तो. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मला नुसतं बरं वाटलं. नोकरीचं ते काहीच बोलले नाहीत. हात धुऊन उठले, बाबांना नमस्कार केला, आणि आई दाराशी उभी होती तिथं जाऊन, अगदी हलक्या आवाजात, स्वच्छ नागपुरी मराठीत म्हणाले, "काकू, पोहे एकदम आपल्याकडचे झाले होते. मी नागपूरलाच काम शिकलो ना. काकांना एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवून द्या. पोरीवर किती दिवस काढाल?"

आईच्या हातातला पेला कलंडला. म्हणजे मैदानात मी जे जे बोलले ते शब्द न् शब्द या माणसानं ऐकलं होतं. आणि त्यानं एका अक्षरानं बाबांना दुखवलं नव्हतं, हे तर त्याहून वाईट. चोरी पकडावी आणि वर पाणी विचारावं, तसं झालं आम्हाला. चौकसेजी मान खाली घालून फाटकाकडं गेले. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, हसरे. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणाला?"

आई म्हणाली, "पोहे आवडले म्हणाला."

बाबा तिच्याकडं पाहत राहिले. हसू हळूहळू गेलं. "मराठीत बोलला तो," बाबा म्हणाले. "आणि तोंड माझ्याच बाजूला होतं."

आईनं पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, बाबा आता आत जाऊन पडतील. पण ते पायात चपला न घालताच फाटकाबाहेर गेले. चौकसेजी पिकअपमध्ये बसले होते. बाबांनी खिडकीवर हात ठेवला. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना आपला आवाज किती मोठा आहे हे समजत नाही. त्यामुळे पुढचं सगळं अख्ख्या लाइनीनं ऐकलं. "चौकसेजी, हमको सुनाई नहीं देता. बहोत दिन हो गए. फाल्ट हमारी लडकी ने सुना, हम तो उसके हात देख के बोले. काम देना है तो ये जानके देना." नायरमावशी धुतलेला पंचा हातात घेऊन दोरीशी तशाच थांबल्या. मैदानातली पोरंही गप्प झाली. आमची सगळी झाकपाक, आईचं ते हळदीकुंकू सोडणं, माझं ते लाडकेपण, सगळं बाबांनी भर रस्त्यात उघडं करून ठेवलं होतं, आणि मी ओट्याच्या खांबाला धरून उभी होते, चेहरा कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं.

चौकसेजी खाली उतरले. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "विचार करून कळवतो, काका." ते कळवणं कधी आलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात उगाच आशा राहायला नको. मी त्यांना दोष देत नाही. कानांसाठी माणूस शोधायला आले होते ते. बाग सेवनियाला आम्ही राहायला गेलो ते दोन खोल्यांत, त्याही गिलावा न केलेल्या, आणि कितीतरी वर्षं आई पाहुण्यांना भिंतींकडं पाठ करून बसवायची.

पिकअप सुरू झाली. बाबा अनवाणी रस्त्याच्या मधोमध उभे होते. कोपऱ्यावरून मैदानाच्या चिखलात उतरून गाडी डावीकडं वळली, चारही चाकं ओढत. बाबांनी मान पुढं करून तिच्याकडं पाहिलं, मग सगळी लाइन बघत असताना मागं वळून मला मोठ्यानं विचारलं, "वाजलं का गं?"

"नाही वाजलं, बाबा!" मी ओरडले.